दहा वर्षं कपाटात ठेवलेली वाइन

डिसेंबर आला की एक फॉरवर्ड हमखास फिरू लागतो. त्यात चार दावे असतात. रेड वाइन जितकी जुनी तितकी भारी. नाशिकची एखादी बाटली कपाटात दहा वर्षं विसरा, चव आणि किंमत दोन्ही वाढतील. ग्लासच्या कडेवरून जाड धारा उतरल्या की माल अस्सल. आणि रेडला फ्रिज वर्ज्य.

पहिल्या दाव्यापासून घेऊ. जगातली बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यायलाच बनवतात. फ्रान्सची बोजोले नुव्हो तर त्याच हंगामाच्या द्राक्षांची, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येते आणि काही महिन्यांत संपवायची असते. दुसऱ्या टोकाला इटलीची बारोलो. ३८ महिने मुरवल्याशिवाय, त्यातले १८ लाकडी पिंपात, ती विकायला कायद्यानेच बंदी आहे. ती ज्याची बनते ते नेब्बिओलो द्राक्ष मुळातच इतकं तुरट आणि आंबट की कोवळी बारोलो जांभळं खाल्ल्यासारखी जीभ कोरडी करते. वर्षानुवर्षं हे तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, एकमेकांना आणि रंगद्रव्याला चिकटत जातं, गाळ होऊन तळाशी बसतं आणि चव मऊ होते. पण मुरायला आत काहीतरी हवं ना! टॅनिन, आंबटपणा आणि फळाची चव या तिन्हींचं भांडवल नसलेली वाइन दहा वर्षांत फक्त म्हातारी होते.

नाशिकला वेलींची छाटणी पावसाळा सरताना होते आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे द्राक्ष पिकतं ते वाढत्या उन्हात, आणि ऊन आंबटपणा खातं. शिराझ किंवा कॅबरने या द्राक्षांची पिंपात मुरवलेली चांगली रेड आणखी काही वर्षं सुखाने काढते, पण साध्या रेड लवकर पिण्यासाठीच असतात. त्यात काही कमीपणा नाही.

आता कपाट. मुरवायला १२-१४ अंश तापमान लागतं, तेही बारा महिने स्थिर, शिवाय अंधार, आणि कॉर्कची बाटली आडवी. मी पुण्यात सहा वर्षं एक बाटली माळ्यावर ठेवली होती, उभी. सहा मे महिने तिने तिथे काढले. उघडली तेव्हा कॉर्क वर सरकलेला, त्याच्या कडेने लाल ओघळ सुकलेला. ग्लासात रंग विटकरी, वास शिजवलेल्या मनुकांचा आणि मागून व्हिनेगरचा. रश्श्यात घालावी असा विचार आला, पण मटण चांगलं होतं.

किंमत वाढते ती मोजक्या नावांची, आणि बाटली कुठे कशी ठेवली याची खात्री देता आली तरच. शिवाय आपल्याकडे परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे, मग वाढलेली किंमत वसूल कुणाकडून करणार?

ग्लासवरच्या धारांचं कोडं १८५५ मध्ये शास्त्रज्ञ जेम्स थॉमसनने उलगडलं. कडेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल पाण्याआधी उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो, तो खालची वाइन वर ओढतो आणि ती थेंब होऊन घसरते. ग्लासवर तळहात घट्ट ठेवा, धारा थांबतात. त्या बोलतात मुख्यतः अल्कोहोलबद्दल. साडेचौदा टक्क्यांची सुमार वाइनही छान धारा सोडते.

राहिला फ्रिज. ‘रेड खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या जुन्या गार घरांचा, म्हणजे १६-१८ अंशांचा. एप्रिलमधली आपली खोली ३४ वर असते. तेवढ्या गरम शिराझमध्ये आधी अल्कोहोल नाकात जातं, फळ मागेच राहतं. प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बघा. फार गार मात्र नको, टॅनिन कडवट लागतं. उघडलेली बाटलीही बूच लावून फ्रिजमध्येच बरी, तीन-चार दिवस टिकते. माझ्या फ्रिजच्या दारात ताकाच्या बरणीशेजारी परवाची शिराझ उभी आहे. काल ती पहिल्या दिवसापेक्षा मऊ लागली. आज संपेल.