मुखपृष्ठ एआयचं, हक्क आपलाच!

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी चित्रकार गाठायचा आणि गणपतीपासून नवरात्रापर्यंत 'दोन दिवसांत देतो' ऐकत बसायचं, हे उद्योग आता बंद करा. एआयला एक ओळ लिहा: नऊवारीतली तरुणी, हातात निरांजन, मागे दीपमाळ. मिनिटाभरात चार चित्रं हजर. मानधन द्यायचं नाही, त्यामुळे ते थकवण्याची जबाबदारीही नाही.

ओळीच्या शेवटी 'दीनानाथ दलालांच्या शैलीत' एवढं जोडा. नुसत्या शैलीवर कॉपीराइट नसतो, तेव्हा घाबरू नका. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचे हे नामवंत चित्रकार १९७१ साली गेले. चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि मोजणी पुढच्या जानेवारीपासून होते. म्हणजे २०३१ सरेपर्यंत. यंत्रानं शैलीच्या नावाखाली एखादं अख्खं चित्रच उचललं, तर पंचाईत आहे. पण जुने अंक काढून ताडून बघणार कोण? तुम्ही तर नाहीच. (राजा रविवर्मा १९०६ सालीच गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. पण जे उघडपणे घेता येतं, ते घेण्यात कसली मजा!)

हाताला सहावं बोट फुटलं तर त्यावर अंकाची किंमत छापा. अक्षरं मात्र यंत्राकडून काढून घेऊ नका. 'दीपोत्सव' मागितलंत तर बऱ्याचदा वेलांटी भलत्याच अक्षरावर चढते आणि 'त्स'च्या जागी कुठल्याच लिपीत नसलेला गुंता येतो.

आता नोंदणी. कॉपीराइट नोंदणीशिवायही असतो, पण प्रमाणपत्र कार्यालयाच्या भिंतीवर शोभून दिसतं. फॉर्म १४ ऑनलाइन भरा, चित्राचे ५०० रुपये भरा, डायरी क्रमांक घ्या आणि कुणाची हरकत येते का, म्हणून ३० दिवस थांबा. सोबतच्या तपशीलपत्रकात कर्त्याचं नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व आणि कर्ता हयात नसल्यास निधनाची तारीख विचारतात. तिथे यंत्राचं नाव घातलंत तर राष्ट्रीयत्वापाशीच अडाल. सबस्क्रिप्शन संपलं त्या दिवशी कर्ता निवर्तला असं धरायचं का, यावर कायदा गप्प आहे.

म्हणून स्वतःचंच नाव ठोका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीनं सोय करून ठेवली आहे: संगणकानं निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती. ओळ टाइप करणारा डीटीपीवाला म्हणेल, मी घडवून आणली. तोंडी सांगणारे संपादक म्हणतील, मी. सबस्क्रिप्शन भरणारे प्रकाशक तर म्हणणारच. यंत्र बनवणारी कंपनी काय म्हणते, ते वापराच्या अटींत लिहिलेलं असतं. त्या न वाचता 'मान्य' दाबण्याची आपली परंपरा मोडू नका.

पूर्वसुरींकडून मात्र शिका. दिल्लीच्या एका वकिलांनी 'सूर्यास्त' या चित्रासाठी 'राघव' नावाच्या एआयला चक्क सहकर्ता केलं. २०२० साली नोंदणी झालीसुद्धा. पुढच्याच वर्षी ती मागे घेण्याची नोटीस निघाली. स्वतः काढलेला फोटो आणि व्हॅन गॉगचं चित्र त्यांनीच यंत्राला पुरवलं होतं, तरी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं २०२३मध्ये त्याच चित्राच्या नोंदणीला नकारच दिला. तिकडचेच जेसन ॲलन सांगतात की आपल्या एआय चित्रासाठी त्यांनी निदान ६२४ वेळा प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला द्यायची ओळ, बदलले; नोंदणी त्यांनाही नाकारलीच. तुम्ही एकदाच लिहिणार आहात, ही तुमची जमेची बाजू. कोलोरॅडोच्या जत्रेत त्यांच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं, देशभर बातम्या झाल्या आणि नोंदणीच्या अर्जात एआयचा उल्लेख नसतानाही कॉपीराइट कार्यालयाला सगळं ठाऊक होतं. तेव्हा मुखपृष्ठाच्या स्पर्धेत अंक पाठवू नका. बक्षीस मिळायचं!

कॉपीराइटच्या नोंदवहीत खोटी नोंद करवली तर आपल्या १९५७च्या कायद्याच्या कलम ६७ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे संपादकांना सांगू नका. सही त्यांचीच घ्यायची आहे.

एवढं करून शेजारच्या अंकानं तुमचं मुखपृष्ठ ढापलंच, तर बेधडक नोटीस पाठवा. त्यांचा वकील कच्ची रेखाटनं मागेल, लेयरवाली फाइल मागेल. तुमच्याकडे एक पीएनजी आहे. ती देण्याआधी मेटाडेटा बघा, कारण काही एआय साधनं चित्र कशानं बनवलं ते फाइलमध्येच नोंदवून ठेवतात. स्क्रीनशॉट काढला की ती नोंद सोबत येत नाही. कोर्टात 'मूळ कलाकृती' म्हणून स्क्रीनशॉटच दाखल करा. फक्त कोपऱ्यातली मोबाइलची बॅटरी कापायला विसरू नका.