किट लेन्स विकायची घाई कशाला?

लग्नसराईची चाहूल लागली की एक मेसेज दरवर्षी नव्याने फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स आधी विकून टाका आणि ५० एमएम एफ १.८ ही प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, घ्या. प्राइम नेहमीच झूमपेक्षा शार्प. मागचं मऊ ब्लर फक्त प्राइमच देते. कमी उजेडात झूमचा काही उपयोग नाही. प्राइम स्वस्त आणि हलकी. झूम आळशांसाठी; खरा फोटोग्राफर पायांनी झूम करतो. आणि शेवटी ठेवणीतला बाण: थोर थोर मंडळींनी आयुष्यभर प्राइमच वापरली.

यंदा तो मला भाच्याने पाठवला. पोरगा नाशिकला असतो. महिन्यापूर्वीच त्याने कॅननचा आर ५० घेतला, सोबत १८-४५ एमएमची किट लेन्स, म्हणजे छोटं झूम. मेसेजखाली प्रश्न: "मावशी, विकून टाकू का?" गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलेलं.

मी घरगुती कार्यक्रम शूट करते. माझ्या बॅगेत दोन प्राइम आहेत आणि त्यातली एक फिफ्टीच आहे, तेव्हा माझं प्राइमशी भांडण नाही. पण या मेसेजमधलं अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी नवशिक्याचे पैसे जातात. म्हणून एकेक मुद्दा घेते. सुरुवात मात्र मेसेजमध्ये जे लिहिलेलंच नाही तिथून. (एमएम ही फोकल लेंथ: आकडा मोठा, तितका देखाव्याचा तुकडा लहान आणि जवळ. एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं आणि उजेड जास्त येतो.)

५० एमएमला 'नॉर्मल' लेन्स म्हणायची पद्धत पडली ती ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्मवर. आज फुल फ्रेम म्हणतात ते हेच माप. भाच्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा आहे, म्हणजे क्रॉप बॉडी, फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची. तिच्यावर तीच ५० लावली की दिसतं ते फुल फ्रेमवरच्या ८० एवढंच. नॉर्मल राहिली बाजूला, हातात छोटी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, आली. मेसेज पाठवणारा कॅमेरा कुठला हे विचारतच नाही.

याचा अर्थ मला एका बारशात कळला. चुलत बहिणीकडे दहा बाय बाराची खोली, मधोमध पाळणा, भोवती पंधरावीस बायका. मी नवी फिफ्टी लावून ऐटीत गेलेली, किट लेन्स घरी. तेव्हाची बॉडीही क्रॉपच. पाठ लोखंडी कपाटाला टेकलेली, कपाटाची मूठ कमरेत रुतलेली, आणि चौकटीत मावतंय किती? हिशेब सोपा आहे: दहा फुटांवरून साडेचार फूट रुंदी. दोन बायका खांद्याला खांदा लावून बसल्या की संपलं. आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करत होती आणि मागून तिच्या पाठीत धपाटे पडत होते. आत्याचं नाक आणि बाळाचं टोपडं घेतलं तर धपाटे बाहेर, धपाटे घेतले तर बाळ बाहेर. मी स्वयंपाकघराच्या दारात सरकले तर मध्ये कुणाचा तरी अंबाडा. त्याच जागेवरून १८ एमएमला बारा फुटांहून जास्त रुंदी मिळाली असती. आज बहिणीच्या भिंतीवर बारशाचा जो फोटो आहे, तो तिच्या जावेने फोनवर काढलेला आहे.

त्यामुळे 'पायांनी झूम करा' हे वाक्य कानावर आलं की मला ती कपाटाची मूठ आठवते. मागे भिंत असली की पाय काय करणार? लग्नात तर आणखी पंचाईत. शेवटचं 'सावधान' झालं की अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, दोघं एकमेकांकडे बघतात. सगळा खेळ चारपाच सेकंदांचा. समोर भटजी, मागे मामा, बाजूला व्हिडिओवाल्याचा लाइट. एक फोटो सगळ्यांचा हवा, लगेच दुसरा फक्त नवरीच्या डोळ्यांचा. तिथे मी चार पावलं पुढे गेले तर नवऱ्यामुलाच्या आईच्या फोटोत माझीच पाठ येणार.

आणि समजा जागा ऐसपैस आहे. तरीही पायांनी चालणं आणि लेन्स फिरवणं ही एकच गोष्ट नाही. आपण उभे कुठे आहोत यावर जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं एकमेकांशी नातं ठरतं. फोकल लेंथ फक्त त्यातला केवढा तुकडा घ्यायचा ते ठरवते. दिवे घाटात पालखी चढताना लांबच्या वळणावर थांबून २०० एमएमने बघा. दिंडीवर दिंडी रचल्यासारखी दिसते, पताकांच्या मागे पताका, सगळा घाट माणसांनी भरलेला. आता 'पायांनी झूम' करत गर्दीत शिरा आणि २४ ने घ्या. पुढचा टाळकरी मोठा, त्याच्या कपाळावरचा बुक्का आणि घाम दिसतो, मागचा घाट मात्र एवढासा होतो. दोन्ही फोटो चांगले, पण दोन वेगळे फोटो. पाय जागा बदलतात, झूम चौकट बदलतं. दोन्ही जमायला हवं, आणि पाय झूमवाल्यालाही असतातच की.

(वारीतली आणखी एक गोष्ट. धूळ, बुक्का, मध्येच पावसाची सर. मिररलेसमध्ये पुढे आरसा नसल्याने लेन्स काढली की बऱ्याच बॉडींचा सेन्सर उघडाच पडतो. तिथे दर दहा मिनिटांनी प्राइम बदलणाऱ्याला माझा दुरूनच रामराम.)

आता ब्लर. 'फक्त प्राइम' हा दावा साध्या भागाकारात पडतो. चौकटीत माणूस तेवढाच मोठा ठेवला आणि मागचा देखावा खूप लांब असला, तर तो किती विरघळेल हे लेन्सच्या उघड्या तोंडाच्या व्यासावर ठरतं. फोकल लेंथला एफच्या आकड्याने भागा. ५० भागिले १.८ म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर. १०५ भागिले ४ म्हणजे सुमारे २६. दोन पावलं मागे जाऊन १०५ ला घेतलेला एफ ४ झूमचा पोर्ट्रेट लांबच्या झाडांना जवळपास फिफ्टीएवढंच पुसून टाकतो. २०० एफ २.८ चा आकडा तर ७१ येतो, तिथे फिफ्टी कुठल्या कुठे राहते. भाच्याच्या किट लेन्सचं गणित मात्र दयनीय आहे: ४५ भागिले ६.३, म्हणजे जेमतेम ७. म्हणजे तक्रार त्या एका किट लेन्सविषयी खरी आहे, झूम या जातीविषयी नाही.

शिवाय ब्लर मिळालं की ते झेपायलाही हवं. क्रॉप बॉडीवर ५० ला एफ १.८ ठेवून एका मीटरवरून चेहरा घ्या. फोकसमध्ये राहणारी खोली सुमारे एक इंच. जवळच्या डोळ्याची पापणी मोजता येईल, कान मात्र गेला. नवरानवरी मागेपुढे उभे असले तर दोघांपैकी एकच जण लग्नाला हजर होता असं वाटतं. मग आपण मुकाट्याने एफ ४ वर येतो, म्हणजे ज्या एफ १.८ साठी पैसे मोजले ते त्या फोटोपुरतं बाजूलाच.

कमी उजेडाच्या मुद्द्यावर मेसेज बराचसा बरोबर आहे आणि ते कबूल करायला हवं. एफ ६.३ च्या तुलनेत एफ १.८ बारापट उजेड आत घेते. संध्याकाळी घरात रांगतं मूल आहे, किट लेन्सला ४५ वर शटर सेकंदाच्या विसाव्या भागावर अडकलंय, तर त्याच आयएसओवर (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) फिफ्टी अडीचशेवा भाग देते. मूल हललं तरी चेहरा ठाम येतो. इथे झूमवाल्याने गप्प बसावं.

पण यातही एक मेख आहे. आर ५० च्या बॉडीत सेन्सर हलवून थरथर सावरणारी सोय नाही, आणि कॅननच्या आरएफ ५० एफ १.८ या फिफ्टीमध्येही तसं स्टॅबिलायझेशन नाही. ज्या किट लेन्सला विकायला काढलंय तिच्यात आहे, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे चार स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). दोन्हींमधला उजेडाचा फरक साडेतीन स्टॉपांच्या किंचित वर. म्हणजे विषय हलणारा नसेल, देवळातली दीपमाळ असो की अंगणातली रांगोळी, तर किट लेन्स हातात धरूनही जवळपास बरोबरी साधते. हलणाऱ्या मुलासाठी फिफ्टी, न हलणाऱ्या दीपमाळेसाठी किट. 'झूमचा काही उपयोग नाही' हे मग कुठे राहिलं?

आणि ट्यूबलाइटखाली हौसेने शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर नेऊ नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. एक फोटो पिवळट, पुढचा काळपट, असा आल्बम होतो. शंभरावर ठेवा, नाहीतर कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर चालू करा.

शार्पनेसवर मी फार वेळ घालवणार नाही. साध्या प्राइमची रचना सोपी असते. आरएफ ५० मध्ये सगळी मिळून सहा भिंगं आहेत, आणि त्या किमतीत तिच्याएवढं स्वच्छ चित्र देणारं झूम मिळत नाही हे खरंच. पण 'नेहमीच' हा शब्द खोटा. पूर्ण उघड्या अपर्चरला स्वस्त फिफ्टीचे कोपरे मऊच असतात, आणि चांगलं एफ २.८ झूम तिथे तिला हरवू शकतं. मुळात बघणार कशावर? ८ बाय १२ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढली तरी ८६ लाख पिक्सेल लागतात, कॅमेरा देतो २ कोटी ४० लाख. इन्स्टाग्रामवर तर रुंदीला १०८०. माझ्या हार्ड डिस्कवरच्या बिघडलेल्या फोटोंत लेन्सचा दोष शोधावा लागतो; हललेला हात आणि चुकलेला फोकस न शोधता सापडतात.

'स्वस्त आणि हलकी' हे एका प्राइमपुरतं खरं. आरएफ ५० फक्त १६० ग्रॅमची. पण एका फिफ्टीवर कुणी थांबत नाही, मीही थांबले नाही. फुल फ्रेमवर कॅननच्याच ३५ एफ १.८, ५० एफ १.८ आणि ८५ एफ २ या तिघी एकत्र घेतल्या तर वजन ३०५ अधिक १६० अधिक ५००, म्हणजे ९६५ ग्रॅम. २४-१०५ एफ ४ झूम ७०० ग्रॅमचं, आणि तिघी मिळूनही त्याच्या २४ च्या टोकाला पोचत नाहीत. क्रॉपवर सिग्माचं १८-५० एफ २.८ तर ३०० ग्रॅमच्या आसपास आहे. तीन प्राइम म्हणजे तीन फिल्टर, तीन झाकणं, आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात बुरशी धरायला तीन जागा. जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का बघा. हे प्राइमला लागू आणि झूमलाही.

राहिले थोर लोक. नाव बहुतेक वेळा फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचं येतं. पॅरिसच्या सॅं-लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा फोटो १९३२ चा. ३५ एमएमच्या स्थिर कॅमेऱ्यासाठी पहिलं झूम बाजारात आलं १९५९ मध्ये: फॉइग्टलँडरचं झूमार, ३६-८२ एफ २.८. जी वस्तू अजून जन्मलीच नव्हती ती त्याने नाकारली असं कसं म्हणायचं? पुढे झूम आल्यावरही तो ५० सोडून फारसा हलला नाही, हेही खरं. त्याला गल्लीत उभं राहून वाट बघायची होती, ती लेन्स त्या कामाची होती. क्रिकेटच्या मैदानावर किंवा मंत्रालयाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या बातमीच्या फोटोग्राफरांच्या गळ्यात बघा, बहुतेकांकडे २४-७० आणि ७०-२०० दिसतील. त्यांना आळशी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

भाच्याला मी एवढंच सांगितलं की गिऱ्हाइकाला महिनाभर थांबव. हवे तेवढे फोटो काढ आणि मग प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ नोंदलेली असते ती बघ. वरच्या टोकाला अडकत असशील, तेही संध्याकाळी घरात माणसांचे फोटो काढताना, तर फिफ्टी घे, डोळे मिटून घे. मधल्या आकड्यांत रमत असशील तर तुझ्या बॉडीवरची खरी 'नॉर्मल' ३० च्या आसपास आहे, ५० नव्हे. कॅननची २८ एफ २.८ फक्त १२० ग्रॅमची आहे.

महिन्याने त्याने यादी पाठवली. अंजनेरी, ब्रह्मगिरी, मित्रांचे घोळके, गोदाघाट. निम्म्याहून जास्त फोटो १८ वर, म्हणजे लेन्स आणखी मागे जात नाही म्हणून तिथे थांबलेले. फिफ्टी घेतली असती तर यातला एकही फोटो निघाला नसता. गिऱ्हाइकाला त्याने नाही कळवलं. आता त्याला एक नवा मेसेज आलाय, 'लँडस्केपसाठी १० एमएमच्या वर काही घेऊच नका' असा, आणि खाली परत तोच प्रश्न: "मावशी, घेऊ का?"