हिरवा दिवा लागला म्हणून काचबिंदू नाही?

गेले दोन महिने एक मजकूर आमच्या खानापूर-निपाणी-बेळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या आला, माझ्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर तर तीनदा. थोडक्यात असा: मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ बघा. समोरचा कॅमेरा तुमच्या बुबुळांची हालचाल टिपेल आणि काचबिंदू आहे की नाही ते सांगेल. लंडनच्या शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलंय. हिरवा दिवा लागला तर पाच वर्षं डोळ्यांच्या डॉक्टरची पायरी चढायला नको. खाली लिंक आणि 'शासनमान्य' असा शिक्का. कुठलं शासन ते लिहिलेलं नाही, आणि आमच्या भागात तोच प्रश्न आधी पडतो.

मी खानापुरात चष्म्याचं दुकान चालवतो. ऑप्टोमेट्री, म्हणजे नजर तपासायचं शास्त्र, शिकलोय, शिबिरांत तपासायला बसतो, डॉक्टर नाही. निव्वळ थाप असती तर मीही पुढे सरकलो असतो. पण यातलं थोडं खरं आहे, आणि त्या थोड्याच्या आडोशाला बाकीचं दडवलंय.

'लंडनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.'

संशोधन झालंय. लंडनच्या सिटी विद्यापीठातल्या डेव्हिड क्रॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 2014 मध्ये प्रसिद्ध केलं. काचबिंदू असलेली 44 आणि निरोगी डोळ्यांची 32 वयस्कर माणसं त्यांनी पडद्यासमोर बसवली आणि त्यांना टीव्हीवरचे-सिनेमातले तुकडे दाखवले. त्यात 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमधली बर्फावरची एक शर्यतही होती. नजर कुठून कुठे उडी मारते ते यंत्र सेकंदाला हजार वेळा नोंदवत होतं.

कल्पना सुंदर आहे. बेळगावच्या बसस्टँडवर आपण गाडीवरची कन्नड पाटी वाचत असतो, तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात मागं येणारी दुसरी गाडी दिसते आणि नजर आपोआप तिकडे जाते. कोपरा आधी सांगतो, बुबुळ मागून फिरतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब होत जाते आणि हे कोपरेच हळूहळू जातात, त्यामुळे नजरेच्या उड्यांचा नकाशा बदलतो. तो ओळखता आला तर मशीनमध्ये बघत, ठिपका दिसला की बटण दाबायच्या फील्ड टेस्टचा त्रास वाचेल. आमची म्हातारी माणसं त्या टेस्टला किती कंटाळतात हे मी पाहिलंय. एक आजोबा तर मशीनमध्येच डुलकी काढत होते. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात रॉटरडॅमच्या संशोधकांबरोबर याच वाटेचं काम झालंय. ठिपका उजळल्यावर नजर तिथे पोहोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. काचबिंदूच्या रुग्णांना हा वेळ जास्त लागतो.

मग अडचण कुठे? लंडनच्या प्रयोगात निरोगी माणसांतल्या दहा टक्क्यांना उगाच 'रोगी' ठरवायची मुभा दिल्यावर काचबिंदूवाल्यांपैकी 76 टक्के ओळखू आले. आता हेच आकडे एका गावाला लावू. चाळिशीपुढची हजार माणसं घ्या. दक्षिण भारतातल्या पाहण्यांच्या अंदाजाने त्यांत तीसेक जणांना काचबिंदू असेल. त्यातले 23 सापडतील, 7 सुटतील. उरलेल्या 970 निरोगी माणसांतल्या 97 जणांनाही लाल दिवा लागेल. म्हणजे 120 लाल, त्यात खरे 23. बाकीचे 97 जण गाडीभाडं खर्चून बेळगावला जाऊन येतील. तेवढं मी चालवून घेईन. ते सात जण मात्र 'पाच वर्षं सुट्टी' घेऊन घरी बसतील.

हेही प्रयोगशाळेतलं, आणि रोग ठरलेल्या माणसांवरचं. ज्याची नजर नुकतीच कोपऱ्यातून उसवायला लागलीय तो ओळखणं याहून अवघड, आणि वेळेत गाठायचं असतं नेमकं त्यालाच.

'समोरचा कॅमेरा टिपेल.'

नजरेची एक उडी सेकंदाच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागात संपते. बहुतेक मोबाईलचा समोरचा कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं काढतो. म्हणजे एका चित्रात बुबुळ इथे, पुढच्यात तिथे. मधला प्रवास गायब. त्यात हात हलतो, चष्म्यावर उजेड चमकतो, मोतीबिंदू असतो, वयानं पापणी खाली आलेली असते. प्रयोगशाळेत डोकं टेकवून, स्थिर ठेवून मोजतात. आमच्याकडे अंगणात उन्हात उभं राहून, नातवाला 'नीट धर की रे' म्हणत.

त्याहून मोठी गोष्ट पडद्याच्या रुंदीची. फील्ड टेस्टचं मशीन मधल्या ठिपक्यापासून चोहोबाजूंनी साधारण 24 अंशांपर्यंत तपासतं. काचबिंदूत नजर सुरुवातीला जाते ती बऱ्याचदा नाकाच्या बाजूची, किंवा मध्याच्या वर-खाली कमानीसारखी. मोबाईल आडवा करून दीड वीत लांब धरला तर मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम 12 अंश भरतात. निम्मं शेत न बघताच 'कीड नाही' म्हणायचं.

शिवाय बघायला काय दिलंय त्यावरही सगळं आहे. या लिंकवर म्हणे कुस्तीचा व्हिडिओ लागतो. लाल मातीतली जोड मधोमध असते, बघणारा रोगी असो की निरोगी, नजर तिथंच खिळते. त्यातून कोपऱ्याबद्दल काय कळणार? आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर एका डोळ्याला न दिसलेलं दुसरा भरून काढतो. म्हणून तर फील्ड टेस्टला एक डोळा झाकतात. मजकुरात डोळा झाकायचा उल्लेखच नाही.

'काचबिंदू असेल तर भोवती काळा बोगदा दिसतो. तसं नाही ना? मग काळजी सोडा.'

हे चित्र भिंतीवरच्या पोस्टरांनीच डोक्यात बसवलंय, त्यामुळे दोष एकट्या मजकुराला देता येत नाही. क्रॅब यांच्याच गटानं 2013 मध्ये 50 रुग्णांना वेगवेगळी चित्रं दाखवून 'तुम्हाला असं दिसतं का' असं विचारलं. काळ्या बोगद्याचं चित्र एकानंही उचललं नाही. कुणाला काही भाग पुसट वाटत होता, कुणाला एखादी वस्तू जागेवर नसल्यासारखी, आणि बऱ्याच जणांना काहीच वेगळं जाणवत नव्हतं. जे दिसत नाही तिथं मेंदू आजूबाजूचं ठिगळ लावतो. आपल्या देशातल्या पाहण्यांत काचबिंदू निघालेल्या दहांपैकी नऊ जणांना तो असल्याचा पत्ता नव्हता, ते उगाच नाही.

'प्रेशर नॉर्मल असेल तर ही टेस्टही नको.'

दुकानात हे रोज ऐकतो. काही जण तर बीपीची चिठ्ठी दाखवतात. तो आकडा वेगळा, डोळ्याच्या आतल्या दाबाचा वेगळा. आणि दाब 21 च्या आत, म्हणजे नॉर्मल असूनही नस खराब झालेले रुग्ण आपल्याकडे भरपूर आहेत. नस बघावीच लागते, जमल्यास बुबुळाच्या कडेचा कोनही.

'हिरवा दिवा लागला तर पाच वर्षं बघायला नको.'

सगळ्यात घातक ओळ ही, कारण काचबिंदूत गेलेली नजर थेंबांनीही येत नाही आणि ऑपरेशननंही येत नाही. उरलेली राखायची असते. चाळिशीपुढे दोनेक वर्षांनी एकदा, आणि घरात आई, वडील, भाऊ, बहीण कुणाला असेल तर डॉक्टर सांगतील तसं त्याहून लवकर. वर्षानुवर्षं दम्यासाठी किंवा डोळे लाल होतात म्हणून स्टिरॉइड घेणाऱ्यांनीही. औषधाच्या दुकानातून आपल्या मनानं स्टिरॉइडचे थेंब आणणारे आमच्याकडे कमी नाहीत.

नंदगडच्या माझ्या आत्यालाही हा मजकूर आला. वय 64. तिची आई, म्हणजे माझी आजी, शेवटची सात-आठ वर्षं चाचपडत होती आणि सगळे म्हणायचे, वयच झालं. आत्या अलीकडे उंबऱ्याला दोनदा अडखळली म्हणून मी तिला तपासायला चल म्हटलं, तर म्हणाली, ''मी कशाला येतो बेळगावला? हिरवं आलंय की मला.''

चार दिवस घालवून, शेवटी पुतण्याच्या साखरपुड्याची साडी घ्यायच्या निमित्तानं तिला नेलं. गणपत गल्ली आधी, डोळे नंतर. दाब निघाला 18. डावी नस मात्र आतून खोलगट झालेली, आणि फील्ड टेस्टमध्ये खालचा भाग, उंबऱ्याच्याच बाजूचा, गेलेला. एका आत्यावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून तर आकडे आधी लिहिले.

आता रोज रात्री नऊला ती थेंब घालते. परवा घरी गेलो तर मुद्दाम मला बसवून तिनं पुन्हा ती लिंक उघडली आणि पूर्ण व्हिडिओ बघितला. हिरवंच आलं.