गेटसमोर वाहन लावू नये

गेल्या मंगळवारी मी दोन टनांचा जनरेटर मागं लावून यवतेश्वरचा घाट चढलो. गाडीला कळलंसुद्धा नाही. न कळायला कारण होतं. जनरेटर खालीच राहिला होता.

ही बातमी साताऱ्यातल्या सगळ्या मंडपवाल्यांपर्यंत पोचायला दोन तास लागले. एरवी मंडपाचे बांबू पोचायला चार लागतात.

धंदा माझा मंडप, लाइट आणि जनरेटरचा. जनरेटर चार चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला, आणि ती ओढायला दर वेळी भाड्याचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाला वरात निघून गेल्यावर येतो आणि भाडं मात्र वरातीच्या आधीचं घेतो. दारात २००६ सालची डिझेल पिकअप पडून होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. म्हटलं, हिलाच तयार करू.

एमआयडीसीतल्या एका मिस्त्रीकडं गाडी टाकली. त्यानं सेल मारून पाहिला, धुराकडं बघितलं आणि घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा केला. "निळा धूर हाय. ऑइल खातीय. काळा असता तर म्हणलो असतो डिझेल जास्ती चाललंय, हवा कमी पडतीय, पंप-नोझल बघू. निळा म्हणजे खोलायलाच लागतंय."

खोललं. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या. क्रँक घासून आणला, हेड फेस करून आणलं, पंप पंपरूमला गेला तो दोन आठवडे तिकडंच रमला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रेडिएटरची नवी जाळी. मागं स्प्रिंगचा एक पाटा जास्तीचा. ओढायचा हुक बसवायला लोखंडी चॅनेल आणला तेव्हा मी म्हटलं, वेल्डिंग मारून टाका. मिस्त्रीनं माझ्याकडं असं बघितलं की मी त्याच्या बहिणीबद्दल काही बोललोय. चासीला वेल्ड मारायचा नसतो, म्हणाला, वेल्डच्या कडेनं ती चिरत जाते. भोकं पाडून बोल्टच मारायचे.

खरी गंमत मागच्या हौसिंगमध्ये आहे हेही त्यानंच शिकवलं. ओढायचं म्हटलं की आपण इंजिनाकडं बघतो, पण आधी क्राऊन-पिनियन बघायचं, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी चक्रांची जोडी. माझ्या गाडीत पिनियनला ९ दात आणि क्राऊनला ३७ होते. म्हणजे शाफ्टचे चार फेरे झाले की चाकाचा एक. त्यानं ८ आणि ४१ चा सेट बसवला. आता पाचच्या थोडे वर फेरे लागतात. ओढ सव्वापट वाढली आणि पळ त्याच हिशोबानं उतरली. फुकट काहीच मिळत नाही, फक्त मीटरला ते कुणी कळवलेलं नाही. तो गिअरबॉक्सवर चालतो, त्यामुळं काटा ५० दाखवतो तेव्हा गाडी ४० नं चाललेली असते. आमच्या मेव्हण्यांचं असंच आहे.

साडेतीन महिने गाडी गॅरेजात होती. २ लाख ६० हजार झाले. शेवटचे आठ हजार मी मुद्दाम अडवून ठेवले. म्हटलं, आधी घाट चढून बघतो, मग देतो. आणि गाडी घेऊन निघताना उजव्या बाजूला आरसा नाही हे दिसलं. "तो नंतर लावू," मिस्त्री म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

कास रोडवरच्या एका रिसॉर्टवर संगीताचा कार्यक्रम होता. पुण्यातली माणसं होती. ती कासला येतात ती निसर्गाच्या सान्निध्यात, चांदण्याखाली लग्न करायला. आणि मग चांदणं दिसू नये एवढे हॅलोजन मागतात. हे पठार ज्या पश्चिम घाटात येतं त्याला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो बहुधा आमच्या धंद्याला उद्देशून असावा. सहाला जनरेटर वर पाहिजे होता. चारला समर्थ मंदिराच्या पुढं चहाला थांबलो. पोरगं बरोबर होतं, बंड्या. हौद्यात केबलच्या रिळांचा आणि ताडपत्र्यांचा असा डोंगर की केबिनच्या मागच्या काचेतून ताडपत्रीच दिसावी.

चहाचा पहिला घोट घेतला आणि समोरच्या घरातून तात्या आले.

बंडी, लेंगा, हातात स्टीलचा तांब्या, वय पंचाहत्तरच्या पुढं.

"गाडी कुणाची?"

"माझीच, तात्या."

"आन् मागचं?"

"तेही माझंच."

"मग दोन्ही माझ्या गेटासमोर कशापाय?"

मी गेटाकडं पाहिलं. दोन झडपांचं लोखंडी गेट. कुलूप गंजून साखळीशी एकजीव झालेलं. दोन्ही झडपांतून मधुमालतीचा वेल इतका विणलेला की गेट उघडायचं तर माळी बोलवायला लागेल. आत बरोबर मधोमध पाण्याची काळी टाकी. आणि वर पत्र्याचा बोर्ड, लाल अक्षरात: गेटसमोर वाहन लावू नये. हवा सोडण्यात येईल.

"तात्या, दोन मिनिटं. चहा घेतो आणि निघतोच."

"चहाला दोन मिनिटं लागत न्हाईत. मी रोज बघतोय. साडेसहा लागत्यात. गप्पा असल्या तर अकरा."

"पण गेट उघडतं का?"

"उघडत न्हाई म्हणून का ते गेट न्हाई?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

मग तात्या गाडीभोवती फिरले. वाकून हुक पाहिला, बोटानं बोल्ट मोजले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. साडेतीन महिन्यांत पहिला माणूस असा भेटला की ज्यानं रंग सोडून बोल्ट पाहिले. मी सगळं सांगितलं, लायनरपासून दातांपर्यंत. तात्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "किती गेलं?"

"दोन साठ."

"एवढ्यात नवी आली असती."

आता हे वाक्य. हे मला मिस्त्रीच्या पोरानं ऐकवलं, भाजीवालीनं ऐकवलं, बायकोच्या मावशीनं वर्षश्राद्धाच्या पंगतीत ऐकवलं. नवी पिकअप दहा लाखांच्या घरात जाते हो. दोन साठमध्ये नवीची पुढची चाकं आणि हप्त्याचं पुस्तक येतं. पण आपल्याकडं जुनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला येडा ठरवायला हिशोब लागत नाही. रुडॉल्फ डिझेल १९१३ साली, २९ सप्टेंबरच्या रात्री, अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या जहाजावरून नाहीसा झाला. का, ते आजवर नक्की कळलेलं नाही. माझी खात्री आहे, डेकवर कुणी तरी त्याला म्हणालं असणार, एवढ्यात नवी आली असती.

"इंजिनं काय, ती आपल्या कूपरसाहेबांनी करावीत," तात्या सुरू झाले. "सातारा रोडला. नांगर केलं, इंजिनं केली. देशातलं पयलं डिझेल इंजिन आपल्या साताऱ्याचं, तुम्हाला म्हायत हाय का? आन् तोच मानूस मुंबई इलाख्याचा पयला पंतप्रधान. धनजीशा कूपर. साताऱ्याचा मानूस!"

"किती वर्षं होते?"

तात्यांनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "एक एप्रिल ते एकोणीस जुलै."

हे मात्र खरं आहे. तेव्हा इलाख्याच्या मुख्यमंत्र्यालाच पंतप्रधान म्हणायचे. १९३७ साली काँग्रेस आधी सत्ता घ्यायला तयार नव्हती, म्हणून कूपरांचं मंत्रिमंडळ आलं. मग काँग्रेस तयार झाली आणि बाळासाहेब खेर आले. साडेतीन महिने. माझी गाडी मिस्त्रीकडं होती तेवढेच. त्यांनी तेवढ्यात एक इलाखा चालवला, आमचा आरसा लागला नाही.

कूपर संपले तरी ट्रॉली गेटासमोरच होती. पुढं एक रिक्षा आडवी लावलेली. आणि चार चाकी ट्रॉली रिव्हर्सला घेणं काय असतं ते ज्यानं घेतलंय त्यालाच विचारा. स्टेअरिंग इकडं वळवावं तर ती तिकडं तोंड फिरवते, रुसलेल्या जावयासारखी. तेवढ्यात रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन आला. तो ओरडत होता, मी चहाच्या टपरीमागं जाऊन "निघालोच, निघालोच" म्हणत होतो. या वेळात तात्यांनी सूत्रं हातात घेतली. बंड्याला पिन काढायला लावली, लाइटची वायर सोडवायला लावली, टपरीवरचे तिघं बोलावले आणि ट्रॉली हातानं ढकलत गेटाच्या पलीकडं नेली. सपाट रस्त्यावर चौघं जण दोन टन सहज हलवतात. बंड्या चाकाखाली दगड लावायला बसला.

मी फोन ठेवला. रिक्षा गेलेली. रस्ता मोकळा. चढलो, गिअर टाकला, निघालो.

काय सांगू! सेकंडला उचलली ती थर्डला घेतली तरी कुरकुर नाही. दहा फूट जाताना एक फूट वर जायचं अशा चढाला टनामागं शंभर किलोची ओढ लागते, हे मिस्त्रीनं मला पाठ करून घेतलं होतं. म्हणजे सगळं मिळून चार टनांना चारशे. आणि ही बया चारशे किलो ओढतेय आणि वर गुणगुणतेय! मागनं गाडी जरा उड्या मारत होती, पण मी म्हटलं, नवे पाटे, बसायला वेळ लागणारच. एका वळणावर तर मी ट्रॉली आत कापेल म्हणून वळण रुंद घेतलं. समोरून येणारा बुलेटवाला थांबून बघत राहिला. मला वाटलं, कौतुकानं.

जिथून खाली सातारा दिसतं आणि समोर अजिंक्यतारा, तिथं गाडी बाजूला घेतली. मिस्त्रीला फोन लावला. डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं. "मिस्त्री, हात जोडतो तुम्हाला. मागं काही आहे असं वाटतच नाही!" तो म्हणाला, "मी म्हणलं नव्हतं का." मी म्हटलं, थांबा, आणि फोन चालू ठेवूनच अडवलेले आठ हजार पाठवले. पाचशे वर घातले. पोरांना चहापाण्याला.

मग हुकावर एक थाप मारावी म्हणून मागं गेलो.

हुक होता.

बंड्याचे अकरा मिसकॉल होते. मी मिस्त्रीच्या कौतुकात गुंतलो होतो तेव्हाचे. "आम्हाला वाटलं, तुम्ही रिव्हर्स घ्याल. म्हणून थांबलो," तो म्हणाला. घाट उतरलो. चढताना जो गिअर तोच उतरताना, हा नियम मी रिकाम्या गाडीलासुद्धा पाळला; एवढा तरी मान राहू दे म्हटलं.

खाली बंड्या तात्यांच्या पायरीवर बसून तात्यांनी पाजलेला चहा पीत होता. ट्रॉली गेटाच्या पलीकडं व्यवस्थित उभी होती. एका बाजूला कललेली.

"तात्या, हवा सोडलीत?"

"एकाच चाकाची. नियमापरमानं."

"पण ट्रॉली गेटासमोर नव्हतीच! तुम्हीच हलवलीत!"

"म्हणूनच. मालक सोडून पळाला, म्हणजे वाहन बेवारस झालं. बेवारस वाहन कुणी वडून न्हेऊ न्हाई म्हणून सोडली. उद्या चोरी झाली असती तर तुम्ही माझ्याच गेटावर आला असता."

मला शिवी देता येईना. वयाकडं बघून नाही, तर्क सापडेना. तात्या आत गेले आणि पायानं मारायचा पंप घेऊन आले. चकचकीत, तेल दिलेला, कपड्यात गुंडाळलेला. "हवा सोडायची तर भरायची सोय नको? मी काय राक्षस हाय?"

जीपच्या मापाचं टायर, पायाचा पंप. तात्या दट्टे मोजत होते. मोठ्यानं. टपरीवर माणसं जमली. तीनशे चाळीसला मी थांबलो, तर म्हणाले, "अजून साठ. मागल्या आठवड्यात टेंपोवाल्यानं चारशे मारलं, त्यो तर तुमच्यापेक्षा बारीक होता."

पावणेसहाला जनरेटर लावून खरोखरचा घाट चढलो. चढली गाडी, तसं काही नाही. फर्स्टला, काळा धूर सोडत, टेंपरेचरचा काटा तीन चतुर्थांशावर, सायकलवाला बरोबरीनं येईल अशा चालीनं. पण चढली. बघायला कुणी नव्हतं. बुलेटवालाही नाही. मॅनेजरनं उशिराचे दोन हजार कापले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडं गेलो. वरचे पाचशे तरी परत द्या म्हटलं, कौतुक चुकीचं झालं होतं. त्यानं हात पुसत विचारलं, "गाडी चढली का न्हाई?"

"चढली. पण तेव्हा रिकामी होती."

"मग रिकामीचं टेस्टिंग झालं. ओझ्याचं पण झालं. दोन टेस्टिंग झाली, पैसं एकाच बारीचं घेतलं." आणि गाडीच्या उजव्या दाराशी वाकून म्हणाला, "आरसा तेवढा ऱ्हायलाय बघा. बसवून टाकू. साडेसहाशे होतील."