डाव आणि झाकण

मुलगा जुलैत पुण्याला हॉस्टेलवर गेला तेव्हा मागे तीन वस्तू ठेवून गेला: केसांना लावायच्या जेलची अर्धी बाटली, महिनाभर न धुतलेला टॉवेल आणि माझ्या भावाने सिंगापूरहून आणलेला निन्टेन्डो स्विच, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र. बाटली मी फेकली, टॉवेल धुतला. स्विच कपाटात ठेवायला निघाले तर हा फोनवर ओरडला, "अगं आई, बंद करून ठेवू नकोस! बॅटरी जाते त्याची. अधूनमधून चालू करत जा." इन्व्हर्टरचं पाणी बघावं त्याच कर्तव्यबुद्धीने मी तो टीव्हीला जोडून चालू केला. त्यानंतर आजतागायत आमच्या घरात इन्व्हर्टरच्या पाण्याकडे कुणी बघितलेलं नाही.

आत जो खेळ होता त्याचं नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. ३ मार्च २०१७ ला आलेला, म्हणजे या खेळांच्या हिशेबात माझ्याच वयाचा. "ओपन वर्ल्ड आहे," मुलगा म्हणाला, "कुठेही जा, काहीही कर." आमच्या पिढीला असं कुणी सांगू नये. आम्हाला 'सरळ जा, पिंपळापाशी डावीकडे वळा, पुढे कुणालाही विचारा' असं लागतं. हायरूल नावाच्या त्या देशात पिंपळ नाही, आणि सुरुवातीचे काही तास एका म्हाताऱ्याखेरीज विचारायला माणूसही नाही. शंभर वर्षांपूर्वी गॅनन नावाच्या संकटाने सगळा मुलूख उद्ध्वस्त केलाय. म्हणे या खेळाच्या दिग्दर्शकाने, हिदेमारो फुजिबायाशींनी, अंतरं कळावीत म्हणून नकाशावर क्योतो शहर ठेवून पाहिलं होतं. मला इथे रत्नागिरीत आठवडा बाजारापासून मारुती मंदिरापर्यंत चालत जायचं झालं तरी रिक्षा लागते.

तर गुहेत एक तरुण मुलगा शंभर वर्षांच्या झोपेतून उठतो. अंगावर फक्त चड्डी. मी त्याला दोन दिवस 'झेल्डाबाळ' म्हणत होते. मग कळलं, तो लिंक. झेल्डा म्हणजे राजकन्या, आणि ती तिकडे किल्ल्यात गॅननला अडवून धरून बसली आहे. माझं हे बाळ त्याच चड्डीवर गुहेबाहेर पळालं आणि कड्यावर उभं राहून देखावा बघू लागलं.

"अगं, त्या पोराला आधी अंगात काहीतरी घाल," सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या. त्यांची सातची मालिका बुडाली होती, पण हे त्यांना जास्त गंभीर वाटलं असावं.

मी पुण्याला फोन लावला. कपडे गुहेतच होते, दोन पेट्यांमध्ये. पेट्या मला दिसल्याही होत्या. पण दुसऱ्याची पेटी न विचारता उघडायची नाही हे माझ्या हाडात आहे. "आई, दिसेल ती पेटी उघडायची, दिसेल ती वस्तू उचलायची. इथे चोरी नसते," असा पहिला धडा मिळाला. मी मन घट्ट केलं. गुहेतून खाली उतरलं की एक म्हातारा शेकोटीपाशी बसलेला असतो. त्याच्याजवळ भाजलेलं सफरचंद होतं. उचललं. तर तो म्हातारा खेकसला, ते माझं सफरचंद आहे! मी कंट्रोलर ओट्यावर ठेवला आणि जाऊन भांडी घासायला घेतली. पतपेढीत अठरा वर्षं कॅश सांभाळतेय. एक रुपया इकडचा तिकडे नाही. तासाभराने धीर करून पुढचं वाक्य वाचलं, तेव्हा कळलं की तो गंमत करत होता.

गमत्या असला तरी व्यवहाराला तो पक्का रंगाऱ्याच्या जातीचा निघाला. एका मंदिरातला खजिना आण, तुला उडायची छत्री देतो, असं आमचं ठरलं. मी धडपडत आणला. तर म्हणतो, विचार बदलला, पठारावरच्या बाकीच्या तीन मंदिरांतलाही आण. आमच्या हॉलला रंग देणाऱ्यानेही 'एवढी एकच भिंत' म्हणून सुरुवात केली होती. नवशिक्यांना माझं सांगणं एवढंच: चार म्हणजे चार, घासाघीस करू नका, छत्री मिळाल्याशिवाय त्या पठारावरून खाली उतरता येत नाही. तो म्हातारा मुळात कोण, हे मी सांगणार नाही. सासूबाईंनी मात्र दुसऱ्या दिवशीच ओळखलं होतं, मालिकांचा अनुभव.

सासूबाईंना खेळात खरा रस आला तो मंदिरांमुळे. अख्ख्या मुलखात अशी १२० आहेत. "एकशे वीस? मग ही तीर्थयात्राच की," म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. प्रत्येक मंदिरात एक गोळा मिळतो. चार गोळे जमले की देवीच्या मूर्तीपुढे जायचं. लिंक हात जोडतो, सासूबाईही जोडतात, आणि देवी विचारते, जीव वाढवू की दम? जाणती माणसं सांगतात की आधी दम वाढवावा. चढणं, पळणं, पोहणं, छत्रीने तरंगणं, सगळं दमावरच. पण देवीसमोर आयुष्य न मागता दम मागणं सासूबाईंना पटेना. त्यामुळे आमचा लिंक कितीतरी दिवस दीर्घायुषी आणि दमेकरी होता. अर्ध्या कड्यावर जाऊन धाप लागायची आणि खाली यायचा.

बटणांबद्दल काय बोलावं! वरच्या बटणाने उडी, डावीकडच्याने वार, आणि बोट जरा आगाऊपणाने 'आर' बटणावर गेलं की हातातलं शस्त्र फेकलं जातं. पहिल्या लढाईत मी शत्रूला माझं एकमेव हत्यार अक्षरशः हातात नेऊन दिलं. त्याने ते उचललं आणि मलाच हाणलं. डाव्या हाताला एक खालचा बाण आहे, त्याने शिट्टी वाजते. बोकोब्लिन नावाचे डुकरतोंडे राक्षस रात्री शेकोटीभोवती झोपले होते, मी ओणवी होऊन, पाऊल न वाजवता, शेजारच्या गवतापर्यंत पोचले, आणि अंगठा घसरला. झकास शिट्टी. तिघेही उठून बसले. "तिन्हीसांजेला शिट्टी वाजवू नये, साप येतात," सासूबाई म्हणाल्या. साप परवडले असते.

आता मुद्द्याचं बोलते. या खेळात हत्यारं मोडतात. जवळजवळ सगळी. काही वार झाले की तलवार काचेच्या बांगडीसारखी फुटते. पहिली मोडली तेव्हा मी मुलाला मेसेज केला, "पावती आहे का रे?" तो अर्धा तास नुसता हसत होता. मग म्हणाला, "आई, मोडणारच. वापरायची, मोडली की दुसरी उचलायची. मोडायला आली की लाल चमकते, तेव्हा शत्रूवर फेकून मारायची, डबल लागतं. साठवत बसू नकोस."

साठवत बसू नकोस! हे कुणाला सांगतोय? आमच्या माळ्यावर २००२ साली घेतलेला चोवीस ताटांचा डिनर सेट अजून खोक्यात आहे. मुलाच्या बारशाला काढणार होते, पण गर्दी फार झाली. मुंजीला काढणार होते, केटररने आपली ताटं आणली. पाहुण्यांच्या चादरी वेगळ्या, पाहुण्यांचे कप वेगळे, आणि पाहुणे आले की म्हणतात, कशाला उगाच, घरचेच द्या. अशा बाईच्या हातात सुरुवातीला आठ शस्त्रं, पाच धनुष्यं आणि चार ढाली एवढीच जागा असलेली पिशवी दिली, तर ती काय करणार? चांगल्या तलवारी मी राखून ठेवल्या. ही मोठ्या राक्षसाला, ती त्याहून मोठ्याला, ही अगदीच वेळ आली तर. आणि लढायला झाडाची फांदी.

गावात पोचल्यावर माझी सोय झाली. तिथे शस्त्र म्हणून आमटीचा डाव मिळतो आणि ढाल म्हणून भांड्याचं झाकण. खोटं वाटेल, पण खरंच मिळतात. उजव्या हातात डाव, डाव्या हातात झाकण, पाठीवर न वापरलेलं उंची शस्त्रागार, अशी मी कितीतरी दिवस हायरूलमध्ये हिंडले. यजमान एकदा चहा घेऊन आले, थोडा वेळ बघून म्हणाले, "हे तू स्वतः आहेस का?" झाकणाला हसू नका. गार्डियन म्हणून लोखंडी अजस्र यंत्रं आहेत. लाल किरण रोखतात, टिक-टिक वाढत जाते आणि मग आग सोडतात. ती सुटते त्या नेमक्या क्षणी झाकण पुढे केलं तर ती उलटी त्याच्यावरच जाते. मला हे साताठ वेळा मेल्यावर एकदा जमलं. नवीन असाल तर भिंतीआड लपा आणि पळा. त्या टिक-टिकने माझी अशी दशा झाली की पतपेढीत नोटा मोजायचं यंत्र सुरू झालं की मी काउंटरखाली बघायची.

एका गोष्टीत तरी मी नवशिकी नाही असं वाटलं होतं, ती म्हणजे स्वयंपाक. आगीवर मोठं भांडं असतं, पाच जिन्नसांपर्यंत हातात घेऊन त्यात टाकायचे, की एक छान सूर वाजतो आणि पदार्थ तयार. पहिल्यांदा मी काय केलं, लाकूडही टाकलं. आयुष्यभर चुलीला लाकूड घातलेल्या घरातली मी. जाळ कमी वाटला. ते गेलं भांड्यात. दगडासारखा काहीतरी पदार्थ झाला. दुसऱ्यांदा सफरचंद घातलं आणि चव यावी म्हणून राक्षसाचं एक शिंग. त्यातून जे निघालं त्याचं चित्र खेळाने ठिकठिकाणी धूसर करून दाखवलं, बातम्यांत गुन्हेगाराचा चेहरा दाखवतात तसं. पंचवीस वर्षं चार माणसांचा स्वयंपाक करतेय, माझ्या पदार्थावर असा बुरखा आजवर सासूबाईंनीही टाकला नव्हता. त्या नेमक्या शेजारी बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. नुसतं "हं" म्हणाल्या.

मग शिकले. शिंगं-दात अन्नात नाहीत. ती सरडे-बेडूक-फुलपाखरांबरोबर शिजवून काढे होतात. खडेमीठ दगड फोडून मिळतं. बर्फात जायचं तर लाल मिरच्या शिजवून खायच्या, काही मिनिटं थंडी वाजत नाही. कच्च्या नुसत्या चावून उपयोग नाही. आणि दक्षिणेकडे, फॅरोनच्या बाजूला, एका टेकडीवर झाडांना काटेरी फळं लागतात. ड्युरियन त्यांचं नाव, पण रत्नागिरीच्या माणसाला कोण फसवणार? फणसाचा चुलतभाऊ. त्याचं एक फळ, फक्त एक, शिजवलं तरी सगळा जीव भरून येतो आणि वर चार जास्तीचे मिळतात. मी पाच-पाच घालून शिजवत होते. फणसाची भाजी थोडी कशी करायची?

ऑगस्टात तर बाहेरही पाऊस आणि आतही. पावसात कडा निसरडा होतो. चार हात वर चढलं की लिंक दोन हात खाली घसरतो. पडद्याच्या कोपऱ्यात पुढच्या काही तासांच्या हवेचा अंदाज येतो, आणि नवल म्हणजे तो खरा ठरतो. पाऊस दिसला की चढायला जायचं नाही. कड्याच्या आडोशाला लाकडाची मोळी आणि गारगोटी ठेवून लोखंडाने ठिणगी पाडायची, आणि शेकोटीपाशी सकाळपर्यंत बसून राहायचं. विजा चमकायला लागल्या की अंगावरचं लोखंड उतरवायचं, नाहीतर वीज नेमकी तुमच्यावर. एका रात्री आमच्याकडची वीज गेली. टीव्ही गेला, पंखा गेला. स्विच हातात घेतला तर चालूच. काळोखात आम्ही दोघी त्या एवढ्याशा पडद्यावर डोकं घालून लिंकला पावसातून बाहेर काढत होतो. सासूबाई टॉर्च धरून होत्या. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

पिशवी मोठी करता येते, हे कळल्यावर मला जे झालं त्याला हावच म्हणायला हवं. कोरोक नावाची पानातोंडाची इटुकली भुतं दगडाखाली, शेंड्यावर, कुठेही लपलेली असतात. सापडली की बी देतात. अशा ९०० बिया आहेत. सगळी जागा वाढवायला ४४१ पुरतात. उरलेल्याही जमवणाऱ्याला शेवटी बक्षीस मिळतं, सोनेरी आहे, आणि त्याचा आकार चारचौघांत सांगण्यासारखा नाही. मी वाटेत दिसेल तो धोंडा उचलू लागले. पिशवी अकरा शस्त्रांची झाली. मी आणखी तीन तलवारी राखून ठेवल्या.

दिवाळीला मुलगा आला. अभ्यंगस्नान, फराळ, आणि "बघू, कुठवर पोचलीस?" मी कंट्रोलर दिला. देण्याआधी, का कोण जाणे, आपला स्वतःहून एक सेव्ह करून ठेवला, म्हणजे खेळ पुन्हा तिथूनच उघडता येतो. त्याने पिशवी उघडली आणि बघतच राहिला.

"आई, ही रॉयल ब्रॉडसोर्ड आहे. ही कधी वापरलीच नाहीस?"

"लागेल ना पुढे."

"आणि हे वीस फणस?"

"ते गॅननसाठी."

"गॅननकडे गेली आहेस तू?"

"अजून नाही. आधी सगळं नीट जमू दे."

तो काही बोलला नाही. तीच तलवार घेऊन गेला, वाटेतले चार बोकोब्लिन उडवले, मग लाकडं हवी होती म्हणून तिनेच एक झाड तोडलं, दुसरं तोडलं, तिसऱ्यावर ती फुटली. लाकडं! मी चकलीचा डबा घट्ट धरून बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "कोयता नव्हता का रे?"

रविवारी सकाळच्या एसटीने तो गेला. चिपळूण सोडल्याचा त्याचा मेसेज आला, मी 'नीट जा' असं उत्तर लिहिलं, दार लावलं आणि तो मी केलेला सेव्ह उघडला. तलवार जागेवर होती. तिला हातही न लावता मी डाव काढला.