ऑपेराला कोण किती मोजतो?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले, आणि दुसऱ्याच दिवशी गायकनट केशवरावांची जयंती होती. तेव्हापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नवे नाट्यगृह कसे असावे याची चर्चा अधूनमधून पेटते. मी ती जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये बसून वाचतो आणि बहुतेक वेळा गप्प राहतो. परंतु अलीकडे एका वर्गमित्राने जो सिद्धान्त मांडला आणि ज्याला पंधरा-वीस अंगठे मिळाले, तो मला गप्प बसू देईना. त्याचे म्हणणे असे की, युरोपात लोक ऑपेराच्या एका तिकिटाला वीस-वीस हजार रुपये मोजतात, सूट-बूट घालून येतात, म्हणून तिकडे कला टिकली. आपल्याकडे मागच्या रांगांचे स्वस्त तिकीट ठेवले की शिट्ट्या मारणारे पब्लिक येते आणि चांगला प्रेक्षक घरी बसतो. सबब नव्या नाट्यगृहात खुर्च्या थोड्या, ऐसपैस आणि एकाच चढ्या दराच्या असाव्यात. पुराव्यादाखल व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहाचे झगमगते छायाचित्र जोडलेले होते, आणि खाली माझ्या नावाने लिहिले होते, ‘तू तिकडेच असतोस, तूच सांग.’

सांगायला हरकत नाही. पहिली गोष्ट म्हणजे ते छायाचित्र ऑपेराचे नव्हतेच. ते ऑपेरा बॉलचे होते, म्हणजे वर्षातून एकदा होणाऱ्या त्या नृत्यसोहळ्याचे, ज्यासाठी प्रेक्षागृहातल्या खुर्च्या उचलून सपाट जमीन केली जाते आणि ज्याच्या एका खासगी कक्षाचा दर वीस हजार युरोंच्या पुढे जातो. त्या रात्री तिथे कोणी गाणे ऐकायला गेलेले नसते. कोल्हापूरच्या तालमींची परंपरा दाखवायला एखाद्या लग्नाच्या वरातीचा फोटो लावावा, तितकाच हा पुरावा विषयाशी संबंधित आहे.

उरलेल्या रात्री काय होते, ते मी पाहिले आहे, आणि तेही उभ्याने. व्हिएन्नाच्या या ऑपेरागृहात सतराशेच्या आसपास खुर्च्या आहेत आणि त्यांखेरीज चारशेहून अधिक उभ्याच्या जागा आहेत. चांगल्या खुर्चीला दोनशे युरोंच्या वर पडतात हे खरे. उभ्याचे तिकीट मात्र काही वर्षांपूर्वीपर्यंत तीन-चार युरोंना मिळत असे, आणि आता दहाच्या पुढे गेले असले तरी वीसच्या आत आहे. ऑपेरागृहाच्या शेजारच्या नावाजलेल्या कॅफेत कॉफी आणि केकचा तुकडा घेतला तर तेवढेच बिल होते. काही तिकिटे प्रयोगाच्या दिवशी सकाळी दहा वाजता ऑनलाइन सुटतात आणि काही प्रयोगाच्या 80 मिनिटे आधी खिडकीवर मिळतात. मला खिडकीच आवडते, कारण ऑनलाइनची तिकिटे मोठ्या गायकाच्या रात्री नाश्ता संपायच्या आत संपतात, आणि रांगेत काही ना काही शिकायला मिळते.

श्पारप्राइसचे, म्हणजे सवलतीचे, तिकीट महिना-दीड महिना आधी काढले तर न्यूरेंबर्गहून थेट आयसीई या वेगवान रेल्वेने दुपारपर्यंत व्हिएन्ना गाठता येते. वेस्टबानहोफ स्थानकाजवळच्या हॉस्टेलात पिशवी टाकायची, अल्बर्टिना संग्रहालयासमोरच्या टपरीवर उभ्यानेच केझेक्रायनर, म्हणजे चीज भरलेले सॉसेज, खायचे, आणि ऑपेरनगासे या रस्त्याच्या बाजूच्या दाराशी जायचे. कोट क्लोकरूममध्ये द्यावा लागतो. सूट लागत नाही, नीटनेटका सदरा पुरतो. उभ्याच्या जागा तीन ठिकाणी आहेत: तळमजल्यावर खुर्च्यांच्या मागे, बाल्कनीत आणि सर्वांत वर गॅलरीत. यांपैकी तळमजल्याची जागा थेट मधल्या मानाच्या कक्षाच्या खाली येते, म्हणजे पूर्वी जिथून सम्राट पाहत असे आणि आजही राष्ट्रप्रमुख जिथून पाहतात, तिथून रंगमंच जसा समोरासमोर दिसतो तसाच तो तिथे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यालाही दिसतो. बाजूच्या कक्षात जास्त पैसे मोजून मागच्या स्टुलावर बसलेल्या माणसाला अर्धा रंगमंच मान वाकडी करून पाहावा लागतो. समोरच्या कठड्यावर भाषांतराचा लहानसा पडदा असतो. कठड्याला स्कार्फ बांधला की जागा आपली झाली आणि मग बाहेर पाय मोकळे करून यावे, ही तिथली जुनी रीत. तो स्कार्फ कोणी सोडत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी पुच्चीनीची ‘तोस्का’ सुचवतो. वाग्नरचा चार-चार तास चालणारा पसारा उभ्याने झेपवायला गुडघे आणि भक्ती दोन्ही लागतात; पुच्चीनी मात्र तीन अंकांत सगळे आटोपतो आणि मध्ये दोनदा पाय सोडायला वेळ देतो. शिवाय व्हिएन्नातली ‘तोस्का’ मार्गारेते वालमान यांनी 1958 साली बसवलेली आहे आणि तोच नेपथ्याचा संच, तोच आराखडा आजही चालतो. सहाशेहून अधिक प्रयोग झाले. गायक बदलतात, देऊळ तेच राहते, असे म्हणावेसे वाटते, आणि पहिला अंक घडतोही चर्चमध्येच. त्या अंकाच्या शेवटी खलनायक स्कार्पिया आपले पाप मनाशी घोकत असतो, मागे तेदेऊम या स्तोत्राचा समूहस्वर चढत जातो, घंटा आणि तोफा मिसळतात, आणि त्या क्षणी माझ्या शेजारचे पेन्शनर गृहस्थ डोळे मिटून उभे होते. मध्यंतरात त्यांनी त्या रात्रीच्या बॅरिटोनची, म्हणजे स्कार्पिया गाणाऱ्याची, तुलना अशा चार जणांशी केली ज्यांची नावे मला ठाऊकही नव्हती. दुसऱ्या बाजूला स्वरलिपीचे पुस्तक उघडून पानापानावर बोट फिरवणारी एक संगीताची विद्यार्थिनी होती. पडदा पडल्यावर दाद कोणत्या गायकाला द्यायची आणि कोणाला हात आखडता घ्यायचा, हे या मागच्या मंडळींनी आधी ठरवले. खुर्च्यांमधल्यांनी त्यांच्यामागून टाळ्या वाजवल्या.

पहिल्या मध्यंतरात छायाचित्रे काढून निघून जाणारे पर्यटक उभ्याच्या जागेत असतात, हे मी लपवत नाही. ते गेले की टेकायला जास्त जागा होते.

शिट्ट्यांबद्दल बोलायचे, तर स्वस्त जागेतला प्रेक्षक गप्प असतो असे मी म्हणणार नाही. मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात सर्वांत वरच्या गॅलरीतल्या मंडळींचा धाक गायकांना साऱ्या जगात वाटतो. डिसेंबर 2006 मध्ये ‘आईदा’ या ऑपेराच्या प्रयोगात गायक रोबेर्तो आलान्या यांना तिथून हुर्यो मिळाली, ते तडक रंगमंचावरून चालते झाले, आणि त्यांच्या जागी राखीव गायकाला जीन्सवरच उभे करून प्रयोग पुढे चालवावा लागला. ही असभ्यता झाली हे मान्य आहे. पण ते लोक गाणे कळत नसल्यामुळे ओरडत नव्हते. आपल्याला फार कळते, या समजुतीने ओरडत होते. आपल्या संगीत नाटकांच्या पिटातून ज्यांनी ‘वन्स मोअर’ देऊन रात्रीची पहाट केली, त्यांची जातकुळी हीच. बालगंधर्व आणि केशवराव भोसले 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले, त्या प्रयोगाच्या आख्यायिका पुढच्या खुर्च्यांवरच्या धनिकांनी जिवंत ठेवल्या, असे कोणाला वाटत असेल तर वाटो.

उलट शिस्त लावावी लागली ती दुसऱ्यांनाच. व्हिएन्नात उशिरा येणाऱ्याला दार बंद, हा नियम संगीतकार गुस्ताव मालर संचालक असताना, म्हणजे 1897 ते 1907 या दशकात, कडक झाला. उभ्याने पाहणारा माणूस दीड तास आधी येऊन थांबलेला असतो. त्याच्यासाठी असा नियम करण्याची गरज कधीच नव्हती.

आता पैशाचा मुद्दा. तिथली कला तिकिटावर टिकली, हे वाक्य ज्याने लिहिले त्याने ऑस्ट्रियाच्या करदात्याला विचारलेले दिसत नाही. हे ऑपेरागृह वर्षातले दहा महिने जवळजवळ रोज वेगळी कृती सादर करते, स्वतःचा वाद्यवृंद, समूहगायक, नर्तक, शिंपी, सुतार पदरी बाळगते. तिकिटांच्या उत्पन्नात एवढा संसार भागत नाही, उरलेला भार सरकार उचलते. आमच्या न्यूरेंबर्गमध्येही याच विषयावर भांडण आहे. 1905 चे आमचे ऑपेरागृह दुरुस्तीला आले आहे, त्या काळात तात्पुरते नाट्यगृह कोंग्रेसहाल्ले या जुन्या इमारतीच्या आवारात उभारायचे ठरले, आणि त्या जागेवर नाझींची सावली असल्यामुळे खर्चाबरोबर इतिहासाचाही वाद झाला. कँटीनमध्ये माझे सहकारी म्हणतात की त्या पैशात शाळा दुरुस्त करा. पण मागच्या रांगा काढून टाका, त्या रांगांतल्या लोकांमुळे ऑपेराची शोभा जाते, असे म्हणणारा मला अजून तरी इथे भेटलेला नाही. तेवढ्यापुरते मला या देशाचे कौतुक वाटते, आणि ते कोल्हापूरच्या गटावर बोलून दाखवताना माझ्या सुरात जो थोडा मास्तरपणा येतो, तो मलाही ऐकू येतो.

आगीचा विषय निघाला आहे म्हणून आणखी एक सांगतो. व्हिएन्नाचे हे ऑपेरागृहही जळालेले आहे. 1869 साली मोझार्टच्या ‘दोन जोव्हान्नी’ने ते उघडले आणि 12 मार्च 1945 रोजी बाँबहल्ल्यात त्याचा रंगमंच आणि प्रेक्षागृह भस्मसात झाले; दर्शनी भाग, मोठा जिना आणि पुढचे दालन तेवढे वाचले. देश पराभूत, चार परकीय सैन्यांच्या ताब्यात, लोकांना खायला नाही, तरी त्यांनी दहा वर्षांत ते पुन्हा उभे केले आणि 5 नोव्हेंबर 1955 रोजी बेटहोव्हेनच्या ‘फिदेलिओ’ने दार उघडले. नवे प्रेक्षागृह बांधताना उभ्याच्या जागा काढून दोन-तीन रांगा महागड्या खुर्च्या बसवता आल्या असत्या. त्यांनी उभ्याच्या जागा ठेवल्या, आणि त्यातल्या सर्वोत्तम जागा मानाच्या कक्षाच्या पायथ्याशी ठेवल्या.

हे शिकायला कोल्हापूरकरांना व्हिएन्नापर्यंत जाण्याची गरज नाही, हा माझ्या चिडण्याचा खरा गाभा आहे. शाहू महाराज 1902 साली युरोपात गेले, रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आले, आणि त्यांनी खासबागेचे कुस्तीचे मैदान असे बांधले की शेवटच्या ओळीत जमिनीवर बसलेल्यालाही आखाड्यातली पकड स्पष्ट दिसावी. त्याच्याच भिंतीला लागून पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे राहिले. युरोप पाहून महाराजांनी जे आणले ते शेवटच्या ओळीतल्या माणसासाठी होते, आणि त्याच युरोपचा दाखला देऊन आता आपण ती ओळ पुसायला निघालो आहोत.

हे सगळे मी गटावर लिहिले, अर्थात थोडक्यात. एका वर्गमैत्रिणीने जे उत्तर दिले ते माझ्या सगळ्या परिच्छेदांपेक्षा वजनदार होते. तिने लिहिले, ‘तू युरोत कमावतोस, तुला उभं राहण्याची हौस आहे. इथे जो मागे बसतो त्याला दुसरा पर्याय नसतो. त्याच्या वतीने तू कशाला बोलतोस?’

तिला मी लगेच लिहिले की व्हिएन्नातल्या त्या विद्यार्थिनीलाही पर्याय नव्हता. पण ते तिच्याबद्दल झाले, माझ्याबद्दल नाही. खरे असे आहे की मला खुर्ची परवडते. न्यूरेंबर्गच्या ऑपेरात मी जातो तेव्हा चांगल्या रांगेत बसतो, कारण ऑफिसातल्या दोघा-तिघांकडे अ‍ॅबो, म्हणजे हंगामाची वर्गणी, आहे, ते मध्यंतरात भेटतात, आणि परदेशी माणूस स्वस्तातल्या जागेवरून खाली उतरताना त्यांना दिसू नये, असे मला वाटते. त्यांना त्याचे काहीही वाटणार नाही, हेही मला ठाऊक आहे. कोल्हापुरात सुट्टीला गेलो की चुलत भाऊ माझ्यासाठी पहिल्या रांगेचे तिकीट काढून ठेवतो. दादा परदेशातून आला आहे, त्याला मागे कसे बसवायचे? वडील आम्हा भावंडांना घेऊन त्याच नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगांत बसत, चिरमुऱ्यांचा पुडा मांडीवर असे, आणि नट दुरून लहान दिसले तरी शब्द न् शब्द ऐकू येई. त्या रांगेत परत जाण्याची वाट मला दोन्ही गावांत बंद आहे, कारण दोन्ही गावांत मला ओळखणारे लोक आहेत. व्हिएन्नात मला कोणी ओळखत नाही. तिथे खिडकीवर नोट सरकवताना मी कोणाचा दादा नसतो आणि कोणत्या देशाचा प्रतिनिधीही नसतो; कठड्याशी माझे नाव विचारले जात नाही, फक्त थोडे सरकायला सांगितले जाते. मला तिथे आपलेपणा वाटतो, आणि तो ज्या शहरांवर माझा हक्क आहे त्या शहरांत वाटत नाही, याचे मला वाईटही वाटते.

तरीही माझा आग्रह मी मागे घेतलेला नाही. नव्या नाट्यगृहात शेवटच्या चार रांगा मिसळीच्या एका ताटाच्या भावात असाव्यात, त्या आधी आरक्षित करता येऊ नयेत, आणि तिथूनही रंगमंच पूर्ण दिसावा, असे मी गटावर लिहून टाकले. अंगठे थोडे मिळाले. ज्याने तो फोटो लावला होता त्याने विचारले, ‘ठीक आहे, ठेवू या. उद्घाटनाला तू त्या रांगेत बसशील का?’ याचे उत्तर मी अजून दिलेले नाही, कारण तोवर चुलत भावाने पुढचे तिकीट काढून ठेवलेले असणार, आणि त्याला नाही कसे म्हणायचे ते मला सुचत नाही.