६८० मागितलं, ६८० दिलं

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, म्हणजे तपकीर गल्लीत, गाडी लावायला जागा शोधणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तो पुन्हा कधीतरी. आज राग तिथल्या दुकानात भेटलेल्या एका काकांवर आहे.

पिक मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकात, प्रोग्रॅम भरणारं यंत्र (प्रोग्रॅमर) म्हणजे पिककिट-२. तो घरीच बनवायला घेतलाय. मायक्रोचिप कंपनीने त्याचं सर्किट आणि फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम, खुलं केलेलं आहे. गोम एवढीच, की त्याच्या पोटात जो पिक १८एफ२५५० (हाही एक मायक्रोकंट्रोलरच) बसतो, त्यात आधी फर्मवेअर भरायलाही प्रोग्रॅमरच लागतो. एका मित्राने भरून दिलं आणि वर "मग माझाच का नाही वापरत?" असं विचारलं. मित्र आहे, ऐकून घेतलं. उरली ६८० मायक्रोहेन्रीची कॉइल. यूएसबीच्या ५ व्होल्टमधून, प्रोग्रॅम भरताना चिपला लागणारे १२-१३ व्होल्ट उभे करणारी ती हीच.

दुकानदाराने काउंटरवर कॉइल टाकली. तिच्यावर छापलेलं ६८०.

"ही नाही. ही ६८ ची आहे."

"साहेब, ६८० लिहिलंय."

"शेवटचा आकडा म्हणजे पुढे किती शून्यं द्यायची ते. इथे एकही नाही. मला ६८१ लिहिलेली हवी."

आता काउंटरवर शेजारी उभे असलेले काका वळले. हातात कापडी पिशवी, चष्मा कपाळावर.

"तुम्ही मागितली किती?"

"६८०."

"त्यांनी दिली किती?"

"६८, पण..."

"अहो, ढळढळीत ६८० दिसतंय! बँकेत कॅशियर होतो मी. शून्य मोजायला मला शिकवू नका."

मी म्हटलं, हिच्यातून करंट दसपट वेगाने चढेल, ट्रान्झिस्टर तापेल. काकांनी दुकानदाराकडे बघून मान हलवली. दुकानदार हसला. मागचा पोऱ्याही हसला, आणि त्याला तर काय चाललंय हेही ठाऊक नव्हतं. हाच पिककिट प्रोग्रॅममधल्या चुका शोधायला (डीबगर म्हणून) १६एफ८७७ए या पिकला जोडला, की ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच थांबवायची जागा, एकच मिळतो. काकांना थांबवायला तेवढ्याने भागलं नसतं.

"तयार मिळत नाही का हे?" काका.

"मिळतं."

"मग?"

या 'मग'ला पुण्यात उत्तर नसतं. घरी दिवाळीचा कंदील केला की हौस, चकली केली की कौतुक, आणि सर्किट केलं की बिनकामाचा माणूस. शिवाय सुटा माल मागणाऱ्याकडे दुकानदार असं बघतात, जणू आपण उधारी मागतोय. गल्लीतल्या दुकानांवर इलेक्ट्रॉनिक्सच्या पाट्या आहेत, पण पार्टवरचा आकडा वाचता येणारा माणूस काउंटरमागे असावा ही अपेक्षा उद्धटपणाची ठरते.

शेवटी पोऱ्याने वरच्या खणातून ६८१ काढली. काकांनी ती माझ्याआधी उचलून, चष्मा डोळ्यांवर घेऊन तपासली.

"हे बघा, एक जास्तच दिलाय. उगाच किरकिर करत होतात."

मी पैसे दिले. मग काकांचा नंबर. त्यांना पंख्याचा कपॅसिटर हवा होता, अडीचचा. दुकानदाराने ३.१५ चा दिला.

"अहो, अडीच म्हणजे अडीच!" काका कडाडले. "जास्तीचा घालून वाइंडिंग जाळू का?"

"बसा ना काका, बघतो," दुकानदार म्हणाला, आणि पोऱ्याला गोडाउनमध्ये पिटाळलं. कोणीही हसलं नाही.